रात्रभर बर्फ पडलाय? मग स्कीइंगचा दिवस असा घ्या

सकाळी डोळे उघडायच्या आधीच कळतं, कारण बाहेरचा आवाज बंद झालेला असतो. गाड्यांची घरघर, माणसांची बोलणी, सगळं कुणीतरी गोधडीखाली दाबून ठेवल्यासारखं वाटतं. ताज्या बर्फात कणांपेक्षा हवाच जास्त असते आणि ती आवाज शोषून घेते. पडदा सरकवला की कठड्यावर वीतभर पांढरा थर चढलेला दिसतो, आणि स्कीइंग करणाऱ्याला मग अंथरुणात पडून राहवत नाही.

माझा असा पहिला दिवस मी जवळजवळ वाया घालवला. आदल्या दिवशी मशीननं दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावर झोकात वळणं घेत होतो. त्याच भरवशावर सकाळी रमतगमत निघालो, सगळे जात होते म्हणून सगळ्यात वरच्या लिफ्टनं गेलो आणि तिसऱ्याच वळणाला गुडघाभर बर्फात तोंडावर आपटलो. पुढची चाळीस मिनिटं एक हरवलेली स्की उकरण्यात गेली. घाई करायला हवी होती ती अंथरुणातून उठताना, आणि मी ती केली उतारावर.

हा लेख कुणासाठी, ते आधी सांगतो. मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येतं, हवं तिथं थांबता येतं, पण ताज्या बर्फात अजून पाय घातलेला नाही, अशांसाठी. तुम्ही अजून स्कीची टोकं जुळवून, नांगरासारखा आकार करून उतरत असाल, तर घोट्याच्या वर बर्फ असताना नुसती दमछाक होईल. मशीन फिरून उतार दाबला जाईपर्यंत थांबा, त्यात काही कमीपणा नाही.

आदल्या रात्री: किती पडणार यापेक्षा कसा पडणार

अंदाज बघताना सगळे फक्त सेंटीमीटर बघतात. तेवढ्यानं काही कळत नाही. ढोबळ हिशेब असा, की १ सेंटीमीटर पाण्याचा साधारण १० सेंटीमीटर बर्फ होतो. कडाक्याच्या थंडीत तेच पाणी १५ ते २० सेंटीमीटर भुरभुरीत बर्फ देतं, आणि तापमान शून्याच्या आसपास असेल तर जेमतेम पाचेक सेंटीमीटर चिकट लगदा. मुठीत दाबून बघा. गोळा झाला नाही, बोटांतून सांडला, तर नशीब चांगलं. जपानमधल्या होक्काइडोचा बर्फ नावाजला जातो तो याचसाठी. सैबेरियाकडून येणारी गार हवा समुद्रावरून बाष्प उचलते आणि डोंगरांना अडली की हलका, कोरडा बर्फ टाकते. समुद्राजवळच्या उबदार डोंगरांवर मात्र ओला, जड बर्फ पडतो. त्यात वळताना गुडघ्यांची परीक्षा होते.

तापमान कोणत्या क्रमानं बदलतंय हेही बघा. रात्री सुरुवात जरा उबदार आणि पहाटेकडे थंडी वाढत गेली, तर खाली जड आणि वर हलका असा थर बसतो. हाच हवा. उलटं झालं, म्हणजे आधी हलका पडून वर जड बर्फ बसला, तर स्की त्या वरच्या थराखाली अडकतात आणि तो थर घसरून येण्याचा धोकाही वाढतो. उंचीनुसार तापमान दर १००० मीटरला साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे पायथ्याशी २ अंशांवर पाऊस रिपरिपत असला, तरी हजार मीटर वर उणे चार-पाचला झकास बर्फ पडत असू शकतो. पाऊस बघून बेत रद्द करू नका.

वारा जोराचा असेल, तर वाऱ्याकडच्या बाजूचा बर्फ उडून आडोशाच्या बाजूला साठतो. एकीकडे खडखडीत जमीन, दुसरीकडे कंबरभर ढीग. शिवाय वाऱ्यात वरच्या लिफ्ट बंद राहतात.

पहिल्या अनुभवाला १० ते २० सेंटीमीटर उत्तम. ४० पडला तर फोटो छान येतात, पण सौम्य उतारावर माणूस जागचा हलत नाही.

सामान

स्कीच्या रुंदीनं मोठा फरक पडतो. दाबलेल्या उतारासाठीच्या स्की बुटाखाली साधारण ७५ ते ८५ मिलिमीटर रुंद असतात. ताज्या बर्फासाठी ९५ ते ११० च्या घ्या, त्या बुडत नाहीत, तरंगतात. विकत घ्यायची गरज नाही, एका दिवसापुरत्या भाड्यानं मिळतात. काठ्यांना खाली मोठ्या चकत्या लावून मागा, नाहीतर काठी टेकवली की मुठीपर्यंत आत जाते.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोराला सुटावं, हे तुमचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून तंत्रज्ञ ठरवतो. खोल बर्फात स्की निघून हरवू नये म्हणून काही जण स्वतःच स्क्रू पिळून ते घट्ट करतात. हे अजिबात करू नका. स्की हरवली तर दिवस जाईल, पण वेळेवर सुटली नाही तर गुडघ्याचा लिगामेंट जाईल.

स्कीच्या तळाला लावायच्या मेणाबद्दल थोडक्यात: कडक थंडीतल्या ताज्या कणांना टोकदार धारा असतात, त्या मऊ मेणात रुततात, म्हणून मेण कडक हवं. ओल्या बर्फाला मऊ मेण. दुकानात उद्याचं तापमान सांगा, बाकी ते बघतील.

कपड्यांचे तीन थर. आतला लोकरीचा किंवा सिंथेटिक, सुती मुळीच नको, कारण तो घाम धरून ठेवतो. मधे फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. जॅकेटच्या आत कमरेला इलास्टिकचा पट्टा असतो तो बंद करा. एकदा पडल्यावर पाठीत बर्फ शिरला की त्याचं महत्त्व पटतं. मोज्यांची जोडी एकच. दोन घातल्या की पाय आवळला जातो, रक्त कमी फिरतं आणि उलट जास्त गार पडतो.

गॉगलबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ताज्या बर्फाच्या दिवशी आभाळ बहुधा भरलेलंच असतं. वर राखाडी, खाली पांढरं, मधे रेघच नाही. खड्डा की उंचवटा, काही कळत नाही. अशा वेळी काळी काच निरुपयोगी. काचेवर ० ते ४ असा क्रमांक असतो, ढगाळ दिवसाला १ क्रमांकाची फिकट पिवळी किंवा गुलाबी काच घ्या, ऊन पडलं तर ३. ऊन नाही म्हणून सनस्क्रीन टाळू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, आणि दर १००० मीटर उंचीला ती साधारण १० टक्क्यांनी वाढतात.

गॉगलवर वाफ धरते ती बहुतेकदा आपल्याच सवयीनं. लिफ्टमध्ये बसलं की गॉगल कपाळावर सरकवायचा, कपाळाचा घाम आणि ऊब आत, मग परत खाली ओढायचा. झालं, काच आंधळी. एकदा डोळ्यांवर चढवला की तिथंच राहू द्या. आत बर्फ गेलाच तर झटका, हातमोज्यानं पुसू नका. आतल्या बाजूला वाफ न धरणारा पातळ लेप असतो, तो ओरखडतो. मी एक चांगला गॉगल असाच घासून घालवला आहे.

सकाळी कुठं जायचं

लिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी रांगेत हवं. पहिल्या दोन तासांत जे मिळतं ते नंतर मिळत नाही. वरून धप्प, धप्प असे आवाज आले तर घाबरू नका. साठलेला बर्फ माणसं वर जाण्याआधीच खाली यावा म्हणून गस्ती पथक स्फोट घडवत असतं. हे काम संपेपर्यंत वरच्या लिफ्ट उघडत नाहीत, आणि अर्धी गर्दी त्या फाटकापाशी ताटकळत उभी राहते. तुम्ही तिथं थांबू नका. खालची लिफ्ट आधी उघडते, तिथले उतार तासभर मोकळे असतात.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यासाठी सगळ्यात छान बर्फ हद्दीच्या दोरीपलीकडच्या रानात नाही, तो रोजच्याच उतारावर आहे. मशीन संध्याकाळी फिरलं आणि बर्फ त्यानंतर पडला, असा उतार शोधा. खाली सपाट, पक्का पाया आणि वर १२-१५ सेंटीमीटरची मऊ साय. चुकलात तरी खालचा पाया धरून ठेवतो. कोणते उतार कधी दाबले ते लिफ्टजवळच्या फलकावर असतं, नसेल तर तिथल्या माणसाला विचारा. पहाटे मशीन फिरून गेलं असेल तर मधोमध नुसत्या बारीक रेघा दिसतील, पण दोन्ही कडांना दोन-तीन मीटरचा पट्टा जसाच्या तसा असतो. त्या पट्ट्यात उतरायचं. नको वाटलं की एका वळणात परत मधल्या पक्क्या भागावर. शिकायला याहून सोयीची जागा नाही.

ऊन निघणार असेल तर क्रम लावा. पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी, कारण ते लवकर तापून जड होतात. सावलीतले, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेकडचे, दुपारसाठी राखून ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर झाडांच्या कडेचे उतार धरा. खोडांच्या काळ्या रेघांमुळे डोळ्यांना अंतराचा अंदाज येतो.

उतरायचं कसं

ताज्या बर्फात मागं रेलायचं, असं कुणीतरी सांगतंच. ऐकू नका. मागं रेललात की तीन वळणांत मांड्या पेटतात आणि स्कीची टोकं मोकळी सुटून मनाला येईल तिकडं जातात. घोटा वाकलेला, नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली, आणि वजन तळव्याच्या मधोमध. टाच आणि चवडा दोन्ही बुटात जाणवायला हवेत. फार तर पुढं झुकायची सवय थोडी कमी करा, एवढंच.

खरा बदल पायांच्या वापरात आहे. कडक बर्फावर वळताना आपण बाहेरच्या स्कीवर जवळजवळ सगळं वजन टाकतो. इथं तसं केलं तर ती स्की खाली जाते, दुसरी वर राहते आणि पाय फाकतात. माझं ते तिसरं वळण असंच गेलं. वजन दोन्हींवर जवळपास सारखं ठेवा आणि पाय जवळ, मधे मूठभर अंतर. दोन स्की म्हणजे एकच रुंद फळी आहे असं समजून चाला.

वळायच्या आधी एक सराव करा. सौम्य, मोकळ्या उतारावर सरळ सुटा आणि जाता जाता गुडघे दाबा, सोडा, दाबा, सोडा. चार-पाच वेळा केलं की लक्षात येईल, बर्फ खाली दबतो आणि परत वर ढकलतो, जाड गादीवर उभं राहून डोलल्यासारखं. या वर येण्याच्या क्षणी स्की हलक्या होतात, आणि वळण नेमकं तेव्हाच सुरू करायचं. दाबताना वळायला गेलात तर बर्फाशी कुस्ती होते.

वळण गोल आणि सावकाश. कडक उतारावर जशी स्कीची शेपटी झटकन बाजूला फेकतो, तशी इथं फेकली की बाजूला बर्फाची भिंत उभी राहते, स्की थांबतात आणि माणूस त्यांच्यावरून पलीकडे जातो. मनात एक, दोन, तीन मोजा. तीन म्हणेपर्यंत वळण पुरं होऊ नये. सुरुवातीला वळणं अगदी उथळ ठेवा, सापाच्या चालीसारखी. काठी फक्त टेकवा, तिच्यावर भार देऊ नका. हात नेहमी डोळ्यांना दिसतील असे पुढे. एक हात मागं राहिला की खांदा फिरतो आणि मग सगळंच फिरतं.

थोडा वेग लागतोच. होडीसारखंच आहे हे, वेग असेल तर स्की वर उचलल्या जातात, नसेल तर नांगरत राहतात. म्हणून अगदी सपाट उतारापेक्षा थोडा तिरका बरा. भिऊन जाऊ नका, बर्फच ब्रेकचं काम करतो. थांबायचं असलं की एकदम आडवं होऊ नका, वळण लांबवत उताराच्या वरच्या बाजूला वळू द्या, वेग आपोआप मरतो. नजर पुढच्या दोन वळणांवर. स्कीची टोकं बर्फाखाली दिसत नाहीत, ती शोधत बसलात तर संपलंच.

साधारण अकराच्या सुमारास सगळं विस्कटतं. शेकडो माणसांच्या खुणांनी उतारावर ढिगारे आणि चर तयार होतात. तेव्हा वेग कमी, पाय एकमेकांपासून थोडे लांब, पुन्हा बाहेरच्या स्कीवर जास्त भार, आणि ढिगारा आला की गुडघे वर घेऊन तो गिळायचा.

पडलात तर

पडणारच. तोंड आणि गॉगल आधी मोकळे करा. स्की उताराच्या खालच्या बाजूला आणि आडव्या आणा. हात टेकवून उठायला गेलात तर खांद्यापर्यंत हात आत जाईल. दोन्ही काठ्या बर्फावर फुलीसारख्या ठेवा आणि फुलीच्या मधोमध दाब देऊन उठा.

स्की निघाली असेल तर जागचे हलण्याआधी खुणेला एक काठी रोवा. माझ्या त्या चाळीस मिनिटांत मी जिथं थांबलो होतो तिथंच आणि त्याच्या खाली उकरत बसलो होतो. स्की सापडली पाचेक मीटर वर. साधी गोष्ट आहे, सुटलेली स्की बहुधा तिथंच रुतते आणि आपण मात्र घसरत खाली येतो. म्हणून शोध जिथं थांबलात तिथून वरच्या दिशेनं. दुसऱ्या स्कीची शेपटी बर्फात घालून उताराला आडव्या रेघा ओढत वर जायचं, एक रेघ झाली की वीतभर वर दुसरी. कुठंतरी टक्क आवाज येतो. तेव्हापासून मी स्कीला लाल रिबिनीचा मीटरभर तुकडा बांधून तो पँटच्या पायात खोचून ठेवतो. दिसतं बावळट, चालेल.

परत चढवताना आधी बुटांनी बर्फ तुडवून छोटा कट्टा करा. स्की त्यावर आडवी. बुटाच्या तळव्याचा बर्फ काठीनं खरवडून काढा, बोटभर राहिला तरी बाइंडिंग नीट बसत नाही. टाचेकडचा खटका खाली आहे ना बघा. खालच्या बाजूची स्की आधी, मग वरची.

दोरीपलीकडे जाऊ नका

अडवलेली दोरी, बंदचा फलक दिसला की विषय संपला, पलीकडे कितीही कोरा उतार असला तरी. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे स्कीइंगला जे उतार मोहात पाडतात त्यांवरच. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या असतात, पाचवी सगळ्यात वरची. आल्प्समध्ये सर्वाधिक बळी तिसऱ्या पातळीला जातात, पाचव्या नाही. पाचव्याला लोक बाहेर पडतच नाहीत, तिसऱ्याला वाटतं चालून जाईल. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच वाचण्याची शक्यता चांगली असते. म्हणून बाहेर जाणारे प्रत्येक जण ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं शोधयंत्र, लांब सळई आणि फावडं घेतात, आणि ते वापरायचं प्रशिक्षणही. यातलं काही तुमच्याकडे नसेल तर पलीकडे तुमचं काम नाही.

दोरीच्या आतही एक सापळा आहे. सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळ, भुसभुशीत खड्डा राहतो. त्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला स्वतःहून निघणं फार अवघड असतं, आणि श्वास कोंडतो. झाडांमध्ये शिरायचं तर जोडीनं, जोडीदार सतत दिसेल इतक्या अंतरावर, गळ्यात शिट्टी आणि काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून. पडायची वेळ आलीच तर खोड किंवा फांदी धरा आणि डोकं वर ठेवा.

आणि ती सकाळची शांतता आठवा. जो बर्फ रस्त्याचा आवाज गिळतो तोच मागून येणाऱ्या स्कीचाही गिळतो. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे १९६७ पासूनचे १० नियम आहेत, त्यातला या दिवशी कामाचा असा: खालच्या माणसाला जागा देण्याची जबाबदारी वरच्याची. थांबायचं ते कडेला, उंचवट्याच्या आडोशाला नाही. निघताना आधी वर बघा.

दुपारी मांड्या थरथरायला लागल्या की उतरायचं बंद. शेवटचा एक फेरा म्हणून पुन्हा वर जाऊ नका, वर असाल तर गोंडोलातून, म्हणजे बंद डब्याच्या लिफ्टमधून, खाली या. खोलीवर पोचल्यावर बुटांचं आतलं अस्तर काढून सुकायला ठेवा, पण हीटरला चिकटवून नको, ते आकसतं. स्कीच्या कडा पुसा, नाहीतर सकाळी गंज धरलेला असेल. मग रात्रीचा अंदाज उघडा आणि सेंटीमीटरच्या आधी तापमानाचा रकाना वाचा.